कार्डावरचं अक्षर

आक्का दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली तेव्हा मी औषधांच्या कपाटाच्या काचा पुसत होते. तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीतनं एका पिल्लाचं पांढरं डोकं बाहेर लोंबत होतं. मागं मुक्ता. एका पायात शाळेचा बूट, दुसऱ्या पायात घरातली चप्पल.

“हेमे, डॉक्टर आहेत?”

“आहेत की. हे कुणाचं पिल्लू?”

“आमचं. ढब्बू,” मुक्ता म्हणाली. “मावशी, तो कालपासून काहीच खाईना. नुसता ओकतोय.”

“रविवारी आणलं,” आक्का म्हणाली. “उद्या सुट्टी, तेव्हा तुझ्याकडं घेऊन येणार होतो. हिला तुला चकित करायचं होतं.” मग एक क्षण माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, “झालीस की नाही चकित?”

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. सांगलीत मिठारी डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कामाला होते. नाव रजिस्टरमध्ये लिहिणं, जनावर धरणं, सलाइन लटकवणं, लसीची कार्डं भरणं, झाडू मारणं, सगळं मीच. आक्का म्हणजे प्रमिला, माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. दाजी अपघातात गेले तेव्हा मुक्ता सहा वर्षांची होती. आक्का साखर कारखान्याच्या हापिसात कामाला लागली. मुक्ताची शाळा साडेबाराला सुटायची आणि आक्का सहाला यायची. मधले साडेपाच तास ती पोर कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. शेजारणी बोलवायच्या, पण जायची नाही. म्हणून कुत्रं. घरात आपली वाट बघणारं कुणीतरी असावं, एवढंच.

डॉक्टरांनी पिल्लाच्या हिरड्या बघितल्या, ताप बघितला. पिशवीच्या तळाला लागलेलं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“रक्त कधीपासून पडतंय?”

“आज पहाटेपासून.”

“लस दिली होती का ह्याला?”

“दुकानदार दिली म्हणाला,” आक्का म्हणाली.

“कार्ड आणलंय?”

आक्काचा हात पर्सकडं गेला. चाप उघडल्याचा आवाज मला आला. मी पाठमोरी उभी राहून सलाइनची नळी मोकळी करत होते. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं की सांगलीत पॉमेरियनची पिल्लं विकणारं दुकान एकच. कुरण्याचं.

चाप परत मिटल्याचा आवाज आला.

“घरी राहिलं, डॉक्टर.”

मी सुटकेचा श्वास सोडला. अहो, बहिणीचं पिल्लू टेबलावर रक्त टाकतंय आणि मी सुटकेचा श्वास सोडला. माणूस कुठल्या थराला जातं ते मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, पण नाही कळलं.

का ते सांगते. आता लपवून कुणाला वाचवायचंय?

आमचे आबा प्राथमिक शाळेत मास्तर. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी बोरूनं गिरवायला लावलं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावला की एक पान शुद्धलेखन, एक रेघ वाकडी आली की पान परत. त्यामुळं दोघींचं अक्षर मोत्यासारखं, आणि दोघींचं सारखंच. आबा गेले, पण अक्षर मागं राहिलं. मिठारी डॉक्टरांनी मला नोकरीवर ठेवलं ते अक्षर बघूनच. ते म्हणाले होते, “माझं कुणाला वाचता येत नाही. कार्डं तू लिही.” गर्दी असली की सहीच्या जागी त्यांची आद्याक्षरंही मीच काढायची. शिक्का माझ्या टेबलाच्या खणात. देवमाणूस. कधी खण उघडून बघितला नाही.

लसीच्या प्रत्येक बाटलीवर एक लहान चिकटपट्टी असते. लस टोचली की ती सोलून कार्डावर लावायची, शेजारी तारीख घालायची, शिक्का मारायचा. खेड्यापाड्यातनं येणाऱ्या कुत्र्यांना कार्डं नसायची. त्यांच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या तशाच राहायच्या. सुहास कुरणे एकदा त्या मागायला आला. म्हणाला, “ताई, लस मी दुकानातच टोचतो हो, बाटल्या घाऊक आणतो, पट्ट्या ओल्या होऊन फाटतात. तेवढी दहा कार्डं भरून द्या. गिऱ्हाइकाला कागद लागतो.” मला ते खरं वाटलं का? अर्धं वाटलं. उरलेलं अर्धं मी खरं मानून घेतलं. दिवाळीला त्यानं पाच लिटरचा कुकर आणून दिला. त्या वर्षात मी त्याला चाळीसेक कार्डं लिहून दिली असतील. पॉमेरियन, नर, पांढरा. पॉमेरियन, मादी, पांढरी. तारीख, शिक्का, आद्याक्षरं. एकाही पिल्लाचं तोंड बघितलं नव्हतं.

ढब्बू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. मुक्ता त्याच्या पोटावर हात ठेवून बसली होती. तिला वाटलं झोपला. तिनं मला खूण केली, “मावशी, हळू बोल.” मी कानाला नळ्या लावून ऐकलं आणि नळ्या काढून ठेवल्या. शेवटी आक्काच म्हणाली, “मुक्ते, हात काढ बाळा आता.”

डॉक्टर म्हणाले, “पार्वो. पिल्लांची आतडी खाणारा रोग. लस वेळेवर मिळाली असती तर बहुतेक वाचलं असतं. आणताना रोग अंगात होताच ह्याच्या.”

घरामागच्या पपईखाली खड्डा आक्कानंच खणला. मी खोरं मागितलं तर दिलं नाही.

आता आमच्या आक्काबद्दल एक सांगायला पाहिजे. ही बाई भाजीवाल्याकडनंसुद्धा वजन परत करून घेणारी. बिस्किटाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात प्रत्येक पावती जपून ठेवायची. मिक्सर तीन महिन्यांत जळला तेव्हा पुण्याला कंपनीला अकरा पत्रं घातली आणि नवा मिक्सर घेतला. दाजी हसायचे, “हिच्या लग्नाची पावती असती तर मलाही परत केलं असतं.” तर असली बाई गप्प बसते होय? शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्याच्या दारात उभी.

“चल.”

“कुठं?”

“कुरण्याकडं. तू जनावरातलं जाणतेस. बरोबर असलेली बरी.”

नाही कसं म्हणायचं? गेले. दुकानात पिंजरे एकावर एक रचलेले, खालच्यात ससे, वर पिल्लं. एक पिल्लू कोपऱ्यात तोंड खुपसून पडलं होतं. कुरणेनं आक्काला बघितलं, मग मला बघितलं आणि माझ्यावरनं नजर अशी सरकवली जशी भिंतीवरनं सरकवावी.

“या ताई. ह्या कोण?”

“ही माझी धाकटी बहीण, हेमा,” आक्का म्हणाली. “मिठारी डॉक्टरांकडं असते. ओळखत नाही तुम्ही?”

“बघितल्यासारखं वाटतंय,” कुरणे म्हणाला. “गावात सगळेच बघितल्यासारखे वाटतात.”

मी कुंकवाला हात लावला. नेमकं काय करावं कळत नसलं की मी तेच करते.

आक्कानं पावती काढली. पावतीवर लिहिलेलं: पॉमेरियन, एक नग. खाली छापलेलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

“पिल्लू मेलं,” आक्का म्हणाली.

“अरेरे. वाईट झालं. पण ताई, जीव आहे तो. माझ्या दुकानात होतं तोवर ठणठणीत होतं. तुम्ही काय खायला घातलं, कुठं फिरवलं, मला काय ठाऊक?”

“रविवारी नेलं. मंगळवारी आजारी पडलं.”

“बरं, असं करू. तोंड कशाला वाईट करायचं? दुसरं न्या. ते बघा कोपऱ्यातलं, त्याचाच भाऊ आहे.”

आक्का त्या पिंजऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बादली गळली म्हणून दुसरी बादली द्यावी तसं बोलताय. सोमवारी गल्लीतल्या बायकांनी त्याचं बारसं केलं. माझ्या पोरीनं कानात नाव सांगितलं. त्या घुगऱ्या अजून डब्यात आहेत माझ्या. ह्याला भाऊ म्हणून न्यायचं आणि ह्यालाही पपईखाली पुरायचं?”

“मग तुमची मर्जी.”

“लस कुणी दिली होती?”

कुरणेनं मान खाली घालून कात्रीनं उगाच एक दोरी कापली. “डॉक्टरांनी. कार्डावर असेल की.”

“कार्डावर आहे,” आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली. अगदी शांतपणे, जेवायला वाढू का विचारावं तसं विचारलं तिनं. “हेमे, तुला काही विचारायचंय ह्यांना? किंवा सांगायचंय?”

“नाही,” मी म्हटलं.

“बघ हं.”

“नाही गं. मी काय सांगणार?”

त्या रात्री कुकरात डाळ लावली आणि पहिल्या शिट्टीला माझ्या हातातलं ताट पडलं. नवरा म्हणाला, काय गं, भूत बघितलंस काय?

आक्कानं ग्राहक मंचात तक्रार केली. वकील दिला नाही. कुणीतरी सांगितलं, तिथं आपली बाजू आपणच मांडता येते. अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, आबांच्या अक्षरात, सहा पानं, एकही खाडाखोड नाही. मिठारी डॉक्टरांनी मरणाचं कारण लिहून दिलं आणि मला म्हणाले, “तुझी बहीण खमकी आहे हं, हेमा. अशी माणसं पाहिजेत.” मी “होय” म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

कुरणे आला तो डॉक्टर जेवायला गेल्याची वेळ साधून.

“अर्जात काय लिहिलंय वाचलंत? लसीचं कार्ड दिलं होतं म्हणून. ते कार्ड जर पुढं आलं तर ताई, माझं दुकान जाईल, पण तुमचं काय जाईल ते बघा. शिक्का कुणाचा? अक्षर कुणाचं? डॉक्टरांची सही कुणी केली? पोलिसात जाईल ते.”

“तुम्ही म्हणाला होता, लस टोचता म्हणून!”

“आणि तुम्ही बघायला आला होता काय?” तो म्हणाला. “कार्ड अजून तिनं मंचात लावलेलं नाही. नुसता उल्लेख केलाय. घरात कुठंतरी असेल. बहिणीचं घर आहे, जा-ये आहे तुमची. बघा जरा.”

गेले मी. चोरासारखी गेले म्हणायची सोय नाही, चोर म्हणूनच गेले. दुपारी दीड वाजता, आक्का कारखान्यात असताना. मुक्ता पायरीवर बसली होती. किल्ली माझ्याकडं एक असायचीच. तिला म्हटलं, “तुला थालीपीठ करून देते, चल.” ती आनंदानं आत आली. तिला हात धुवायला पाठवलं आणि मी फळीवरनं पावत्यांचा डबा काढला. मिक्सरची पावती, विजेची बिलं, दाजींच्या गाडीची कागदं, मुक्ताच्या जन्माचा दाखला. कुरण्याची पावती होती. कार्ड नव्हतं. तळातला कागदसुद्धा उचलून बघितला.

“मावशी, काय शोधतेस?”

पोर दारात उभी. हात ओले.

“काही नाही गं. विजेचं बिल बघत होते.”

“ढब्बूचं कार्ड शोधतेस होय? ते डब्यात नाही. आई पर्समध्ये ठेवते. रोज जेवण झालं की काढते, बघते आणि परत ठेवते.”

“बघते म्हणजे?”

“नुसतं बघते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, आजोबांची आठवण येते.”

हे ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, पण चांदण्यात माणसाला पाहिजे तेवढंच दिसतं. मला एवढंच दिसलं की कार्ड डब्यात नाही. मी मुक्ताला थालीपीठ करून दिलं. तिनं अर्धं खाल्लं आणि अर्धं ताटाच्या कडेला ठेवलं. मी विचारलं, “हे कुणाला?” तशी ती गोंधळली आणि मुकाट्यानं तेही खाल्लं.

कुरण्याला मी सांगितलं, सापडलं नाही. पर्समध्ये आहे हे सांगितलं नाही, एवढाच काय तो माझा चांगुलपणा. पण त्याला तेवढं पुरलं. तो म्हणाला, “सापडलं नाही म्हणजे हरवलंच. तुमच्या बहिणीकडं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी लावलं असतं.” आणि त्याच्या वकिलानं लेखी जबाब दिला की असं कुठलंही कार्ड आम्ही दिलंच नव्हतं. लस दिल्याचं आम्ही कधी बोललोच नाही.

तारखांवर तारखा पडत पाच महिने गेले. सुनावणीच्या दिवशी मी आक्काबरोबर गेले. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, काखेत पर्स. सकाळी रिक्षाचे सुटे देताना तिनं पर्स उघडली तेव्हा आतल्या कप्प्यात मला कार्डाची निळी कड दिसली. म्हटलं, आज काढणार ही. आज सगळं संपणार.

मंचाची खोली लहान. समोर अध्यक्ष आणि दोन सदस्य. मी मागच्या बाकावर बसले. पुढच्या रांगेत कुरणे पांढरा शर्ट घालून, देवळात बसावा तसा.

आक्का बोलली, आणि काय बोलली! मी विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर दुकानदार जबाबदार असतो. जिवंत आहे म्हणून ती वस्तू नाही असं म्हणायचं असेल, तर पावतीवर ‘एक नग’ का लिहिलं? आणि वस्तू असेल, तर ती चांगली आहे म्हणून सांगून विकलेली असताना चार दिवसांत मेली त्याचं काय? सदस्यांतल्या बाई मान डोलवत होत्या. एका क्षणाला मलाच वाटलं, जिंकली आमची आक्का.

कुरण्याचा वकील उठला. “पिल्लू आमच्याकडं निरोगी होतं. रोग तक्रारदारांच्या घरी, गल्लीत कुठंही लागू शकतो. सगळी तक्रार उभी आहे ती एका गोष्टीवर, की आम्ही लस दिल्याचं सांगून फसवलं. त्यासाठी कार्ड दिलं म्हणतात. कुठंय कार्ड?”

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. “बाई, तुम्ही अर्जात कार्डाचा उल्लेख केलाय. ते आज दाखवू शकाल? ते असेल तर विषयच संपतो.”

आक्कानं पर्स टेबलावर ठेवली. दोन्ही हात पर्सवर ठेवले. आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

किती वेळ बघितलं कोण जाणे. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी दुसऱ्या केसचं नाव पुकारत होतं. मला उभं राहायचं होतं, बास, एवढंच. उभं राहून म्हणायचं होतं, साहेब, मला सांगायचंय. पायात ताकद होती, जीभही शाबूत होती. मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तो बघत बसले.

“नाही, साहेब,” आक्काचा आवाज आला. “हरवलं.”

“हरवलं?”

“होय. माझ्या हातनं हरवलं.”

जिनं विसाव्या वर्षीची बसची तिकिटं जपून ठेवली होती, ती भर मंचात उभी राहून सांगत होती की कागद हरवला. कुरणेनं बसल्या जागी पाय हलवायला सुरुवात केली. महिन्यानं निकाल टपालानं आला, पुराव्याअभावी तक्रार फेटाळली. पण निकाल लागला तो तिथंच, तेव्हाच.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली बाक होता. आक्का तिथं बसली. पर्स उघडली, निळं कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“हे घे. तुझं आहे.”

कार्ड उघडायची गरज नव्हती. तरी मी उघडलं. पॉमेरियन, नर, पांढरा. आबांचा तीन, आबांचा सात. आद्याक्षरं. शिक्का जरा तिरका.

“आक्का…”

“गप. मला बोलू दे आधी.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या दिवशी मी दुकानात उभी होते. चार पिल्लं होती, सगळी मलूल दिसली मला. म्हटलं, नको. मुक्तीचा हात धरून माघारी फिरलेसुद्धा. तेवढ्यात त्यानं कार्ड पुढं केलं. उघडलं, तर आबांचं अक्षर. म्हटलं, हेमीच्या हाताखालनं गेलेलं पिल्लू आहे, मग आता काय बघायचं राहिलं? एक प्रश्न विचारला नाही मी त्याला. मी! मुक्तीला म्हटलं, मावशीनंच टोचलंय बघ ह्याला.”

मी कार्ड मिटलं.

“बुधवारी पिशवीत घालून आणलं तुझ्याकडं. तू काय म्हणालीस आठवतंय? ‘हे कुणाचं पिल्लू?’ तिथंच कळलं मला, हेमे. ज्याला टोचलं त्याला तू ओळखलंच नाहीस.”

“म्हणून कार्ड घरी राहिलं म्हणालीस?”

“डॉक्टरांसमोर काय करू मग? तुझी नोकरी घालवू?”

“मग… मग तक्रार कशाला केलीस?”

“तू बोलशील म्हणून.” आता तिचे डोळे भरले. “दुकानात विचारलं तुला. पाच महिने वाट बघितली. तू माझ्या घरी येऊन माझा डबा धुंडाळलास, मुक्तीनं संध्याकाळीच सांगितलं. तरी म्हटलं, बोलेल. तू एकदा म्हणाली असतीस ना, आक्का, चुकले, तर दोघी मिळून डॉक्टरांकडं गेलो असतो, मंचात गेलो असतो. जे व्हायचं ते झालं असतं. मी उभी राहिले असते तुझ्यापुढं. आज शेवटचं बघितलं तुझ्याकडं. तू चपला बघत बसलीस.”

“मी घाबरले, आक्का.”

“ते दिसलं मला. आपलेच दात, आपलेच ओठ. काय करणार?” तिनं पदरानं डोळे कोरडे केले. “मुक्तीला सांगितलंय, कार्ड हरवलं. पोरीशी पहिल्यांदा खोटं बोलले मी, ते तुझ्यापायी. तुझ्याकडून तिला कधी काही कळू देऊ नकोस. कुरण्यासारखी माणसं असतात, हे तिला मोठी झाल्यावर कळेलच. मावशीचं नको कळायला.”

मला तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. मला म्हणायचं होतं, आत चल, आत्ता सांगते सगळं. आणि मी म्हणाले काय, तर, “आक्का, चहा घेऊ या?”

“तू घे,” ती उठली. “मला गाडी आहे.”

पुढच्या महिन्यात कुरणे दहा कोरी कार्डं घेऊन आला. मी लिहून दिली नाहीत. पण डॉक्टरांनाही सांगितलं नाही. तो दुसरीकडं कुणाकडं तरी गेला, दुकान पुढं कैक वर्षं चाललं. डॉक्टर वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी मला बोलावून सांगितलं, बाबा नेहमी तुमच्या अक्षराचं कौतुक करायचे. आक्काचं येणंजाणं थांबलं नाही. सणाला बोलावते, दुखण्याला धावून येते. कुत्रं मात्र त्या घरात परत आलं नाही.

गेल्या वर्षी मुक्ताचं लग्न ठरलं. आमच्या भावकीत कुणाचंही लग्न असो, पत्रिकांवर नावं घालायचं काम माझं. मला ठाऊक होतं की ह्या वेळी बोलावणार नाहीत, तरी मी दोन काळी पेनं विकत आणून ठेवली होती. एका रविवारी आक्काकडं गेले तर सतरंजीवर पत्रिकांचे गठ्ठे पडलेले, पाकिटांना हळदकुंकवाची बोटं लावून तयार. आक्काची नणंद मला बघून ओरडली, “आली बघा! द्या तिच्याकडं गठ्ठा. आमच्या कोंबडीच्या पायांनी कुठं पत्रिका शोभायच्या?”

“तिला नको,” आक्का मान वर न करता म्हणाली. “तिचा हात दुखतो हल्ली. पेन धरवत नाही.”

“अगं बाई! कधीपासून?”

“बरेच दिवस झाले,” मी म्हटलं.

मुक्ता आतनं बाम घेऊन आली. पंचवीस वर्षांची घोडी, पण तशीच खाली बसली, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटाबोटाला बाम चोळायला लागली. समोर आक्का पाकिटांवर नावं घालत होती. आबांचंच अक्षर, एकेक नाव कोरल्यासारखं.

“फार दुखतो का गं, मावशी?” मुक्तानं विचारलं.

आक्काचं पेन थांबलं.

“दुखतो,” मी म्हटलं.

पेन परत चालायला लागलं. मुक्ता बराच वेळ हात चोळत बसली होती.